पट्टा काढला होतास का? जुन्या गाडीच्या इंजिनातला अनोळखी आवाज शोधण्याची सुलटी रीत

"कनेक्टिंग गेलंय ह्याचं. हाफ इंजिन करावं लागणार."

बॉनेट उघडून मिनिटही झालं नव्हतं. कनेक्टिंग म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं बेअरिंग, आणि हाफ इंजिन म्हणजे इंजिन अर्धं उघडून करायची दुरुस्ती. सांगलीतल्या एका गॅरेजसमोर आमची 1986 ची प्रीमियर पद्मिनी स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू होती आणि आतून खट्-खट् येत होतं. मी खर्चाचा आकडा विचारला, ऐकला, "घरी विचारून सांगतो" म्हटलं आणि गाडी हळूहळू विश्रामबागला परत आणली. पुढचे तीन आठवडे संध्याकाळचा चहा बॉनेटशेजारीच झाला. आवाज सापडला, तोही इंजिन न उघडता. पण मी ज्या क्रमाने शोधत गेलो तो साफ उलटा होता. अवघड कामं आधी केली आणि दहा मिनिटांचं काम शेवटी. इथे तो क्रम सुलटा करून लिहिला आहे.

गाडीबद्दल थोडं. पद्मिनी म्हणजे मुळातली इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. विश्रामबागेतलं इंजिनिअरिंग कॉलेजही त्यांच्याच नावाचं, त्यामुळे आम्हा सांगलीकरांना ही गाडी अर्धी घरचीच वाटते. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) तीन मेन बेअरिंगवर, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. तिथून पुश रॉड वर जातात, रॉकर हलवतात आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतात. अँबॅसिडर आणि स्टँडर्ड हेरल्डची ठेवणही ढोबळमानाने हीच, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्या गाड्यांनाही लागू पडतं.

आधी वही

आवाज कसला आहे हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, तो कधी येतो. रात्रभर उभ्या गाडीला पहिला स्टार्ट मारल्यावर येतो की इंजिन तापल्यावर? स्लोवर येतो की रेस केल्यावर? रेस वाढवताना की पाय काढताना? चढावर, चार माणसं बसल्यावर वाढतो का? क्लच दाबला की बदलतो का? दोन दिवस गाडीला हात न लावता एवढंच लिहा. आमच्या वहीतलं पहिलं पान असं होतं:

सकाळी 7, थंड, चोक ओढलेला: आवाज नाही.
दहा मिनिटांनी, चोक आत, स्लोवर: आहे. खट्-खट्, पुढून किंवा खालून.
थोडी रेस: जातो.
थोडी रेस आणि हेडलाइट चालू: परत आल्यासारखा वाटतो.

चौथी ओळ नीट बघून ठेवा. मी ती स्वतःच्या हाताने लिहिली आणि तीन आठवडे वाचलीच नाही.

मराठीत आवाजांना नावांची ददात नाही. वरून येणारी बारीक टिकटिक बहुधा टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट वाढल्याची), इंजिनावरचा छोटा पेट्रोल पंप किंवा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग. पुढून येणारी खळखळ म्हणजे टायमिंग चेन, क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी. चिरचिर पट्ट्याची, घरघर एखाद्या बेअरिंगची. तव्यावर फुटाणे फुटावेत तसा तडतडाट झाला तर ते पिंकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणं. खालून कडक खटका आला तर कनेक्टिंग, आणि लाकडाच्या ओंडक्यावर घण पडल्यासारखी धप्प आली तर मेन. ही नावं कामाची आहेत, पण त्यांवर विसंबू नका. गॅरेजवाल्याने ऐकलेला खट् आणि खऱ्या गुन्हेगाराचा खट् अगदी एकच होता.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवण्याचा नाद सोडा. टिकटिक ठळक होते, पण खालची जाड धपधप त्यात पोचतच नाही आणि पलीकडचा माणूस आत्मविश्वासाने "टॅपेट!" म्हणून मोकळा होतो.

इंजिनाचाच आहे ना?

गाडी उघड्यावर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल. बंद शेडमध्ये इंजिन चालवत बसू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. उभ्या गाडीत रेस वाढवल्यावर आवाजाची गतीही वाढली तर तो इंजिनाकडचा. फक्त गाडी पळतानाच येत असेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगात गिअर काढून इंजिन स्लोवर येऊ द्या. किल्ली बंद करायची नाही. इंजिन शांत झालं तरी चाकाच्या गतीने आवाज चालूच राहिला तर चाकाचं बेअरिंग किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघायचा, आणि हा लेख बंद करायचा. एखाद्या कंपाउंडच्या लांब भिंतीलगत काचा खाली करून हळू गाडी चालवा. भिंत आवाज परत फेकते आणि तो कुठल्या बाजूचा आहे ते कळतं.

मग क्लच. न्यूट्रलमध्ये घरघर आहे आणि क्लच दाबल्यावर ती थांबते, तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. उलट क्लच दाबल्यावरच सुरू झाली तर रिलीज बेअरिंगची. क्लच दाबल्यावर जाड खटका बदलला किंवा गेला, तर क्रँकला पुढे-मागे खेळ जास्त असू शकतो. ते वहीत लिहून ठेवा.

याच टप्प्यावर इंजिन फाउंडेशनची रबरं, सायलेन्सरचा पाइप कुठे बॉडीला टेकतो का, पंख्याचं पातं कशाला घासतं का, हे हाताने हलवून बघा. इंजिन अर्थातच बंद करून. पद्मिनीचा पंखा इंजिनाबरोबर सतत फिरतो. इंजिन चालू असताना बॉनेटखाली वाकायचं असेल तर उपरणं, सैल बाही, गळ्यातली साखळी, सगळं काढून ठेवा.

ऑइल बघितल्याशिवाय पुढे नको

डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, बघा. पातळी खाली असेल तर भरून आवाज पुन्हा ऐका. कित्येक टिकटिकी इथेच संपतात. बोटावर ऑइल चोळून बघा. पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरत असण्याची शक्यता आहे. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय. दोन्ही बाबतीत इंजिन आणखी चालवायचं नाही.

ऑइलचा लाल दिवा फार उशिरा बोलतो. प्रेशर स्विच काढून त्या जागी साधा काट्याचा गेज लावा, इंजिन पूर्ण तापवा आणि मग वाचा. जुन्या इंजिनांसाठी मिस्त्रींचा ढोबळ हिशोब असा: मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड प्रेशर. दोन हजार फेऱ्यांना वीसच्या आसपास असेल तर बेअरिंगची काळजी निम्मी झाली म्हणायची. आमच्या गाडीचं प्रेशर चांगलं निघालं, आणि "कनेक्टिंग गेलंय" या निदानाला पहिली चीर तिथेच पडली.

एक सूचना. आवाज दाबायला जाड ऑइल किंवा बाटलीतली 'औषधं' घालू नका. गाडी विकणारे तेच करतात. 20डब्ल्यू-50 ऑइल भरत असाल तर तेच राहू द्या. आवाज ही आत्ता तुमच्या हातातली एकमेव खूण आहे, ती का पुसायची?

पट्टा काढा

मी तीन संध्याकाळी टॅपेट लावले. प्लग बदलले. मॅनिफोल्डचं पॅकिंग बदललं. मग एका रविवारी अण्णांच्या ओळखीचे एक निवृत्त मिस्त्री काका चहाला आले. आवाज ऐकला, पण बॉनेटमध्ये वाकलेसुद्धा नाहीत.

"पट्टा काढला होतास का?"

"नाही काका. आवाज खालून येतोय ना."

"अरे, तुझा कान सांगतोय खालून. काढ की आधी. पैसे पडतात व्हय?"

फॅन बेल्ट डायनमो आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो, पंखाही पंपावरच. डायनमोचा ताणाचा बोल्ट ढिला करून तो आत ढकलला की पट्टा निघतो. मग इंजिन सुरू करायचं, पण अर्ध्या मिनिटापुरतंच, फार तर एक मिनिट. पाणी फिरत नसतं, जास्त वेळ चालवलं तर हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) धोका. आवाज तसाच राहिला तर या दोघांची सुटका झाली. आवाज गेला तर इंजिन निर्दोष.

आमचा गेला. सगळं शांत. काकांनी चहाचा घोट घेतला.

पुढचं काम इंजिन बंद करून. वॉटर पंपाची पुली हाताने फिरवा: खरखर लागते का, पंख्याची पाती धरून हलवल्यावर शाफ्ट वर-खाली डुलतो का, पंपाच्या खालच्या भोकातून पाणी झिरपल्याची खूण आहे का. आमचा पंप ठणठणीत होता. मग डायनमोची पुली धरून मी फिरवली, तीही गुळगुळीत फिरली. मी हताश. काकांनी माझा हात बाजूला केला, एका हाताने डायनमोचा पंखा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने पुली मागे-पुढे हलवली. टक्. टक्. केसभर खेळ होता, पण टक् स्पष्ट.

नट काढून पुली उतरवली तर शाफ्टभोवती कुंकवासारखी तांबूस पूड. लोखंड लोखंडावर किंचित घासत राहिलं की ही पूड होते. कुठल्याही जोडाभोवती ती दिसली की समजायचं, इथे काहीतरी हलतंय. शाफ्टच्या खाचेत अर्धचंद्राच्या आकाराची चावी असते, पुलीला शाफ्टशी जखडून ठेवणारी. नखाएवढीच. तिची एक कड झिजून पायरी पडली होती. स्लोवर इंजिन जरा धक्के देत चालतं, तेव्हा पुली त्या पायरीत मागे-पुढे आपटत होती. सकाळी चोकमुळे इंजिन जोरात चालायचं, म्हणून गप्प. आणि थोड्या रेसवर हेडलाइट लावले की डायनमोवर भार यायचा आणि आवाज बदलायचा. वहीची चौथी ओळ.

गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. थंड असताना गप्प आणि तापल्यावर खट्-खट्, ही कनेक्टिंगचीच लक्षणं. त्याने एक परीक्षा कमी केली एवढंच.

चावी किरकोळ पैशात मिळाली. मात्र नवी चावी जुन्या खाचेत बसवताना खाचही रुंदावली नाही ना हे बघा, नाहीतर महिन्याभरात तीच गत. पुलीचा नट त्याच्या वॉशरसकट घट्ट आवळा. क्रँकची पुलीही अशीच सैल होते आणि तिचा आवाज तर थेट मेन बेअरिंगचा वाटतो. पट्टा काढलेला असतानाच तीही हलवून बघा.

पट्ट्याची चिरचिर असेल तर चालू इंजिनावर पट्ट्याच्या आतल्या बाजूला लांबूनच पाण्याचे चार थेंब उडवा. आवाज क्षणभर बदलला तर पट्टा किंवा त्याचा ताण.

कान लावायची साधनं

तुमचा चोर पट्ट्यावर सापडला नाही, तर आता ऐकण्याचं खरं काम. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनाच्या धातूवर टेकवा आणि मूठ कानापुढच्या हाडावर दाबा. पंखा आणि पट्टा कुठे आहे ते आधी बघून उभे राहा. एकाच जागी ऐकून काही कळत नाही. पहिल्या सिलिंडरपाशी, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, आणि परत पहिल्यापाशी. आवाज जिथे सगळ्यात कडक लागतो ती जागा खडूने खुणावा. मोजायचा आहे तो फरक.

हवा किंवा धूर फुसफुसण्याच्या आवाजाला स्क्रू ड्रायव्हर कुचकामी. तिथे नळी लागते. सांगलीत ती विकत घ्यायची गरज नाही. उसाच्या ठिबकची 16 मिमीची जुनी नळी, भोकं नसलेला मीटरभर तुकडा, कोणाच्याही शेतात पडलेला असतो. एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या जोडांवरून हळूहळू फिरवायचं, टेकवायचं नाही. गळती आली की कानात फस्-फस् असं थेट येतं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कधी उभं राहून बघा. कारागीर एका वेळी एकाच तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, तार छेडतो, ऐकतो, परत सरकवतो. दोन तारांना एकदम हात लावत नाही. इंजिनापाशीही तेच: एका संध्याकाळी एकच बदल. मी टॅपेट आणि पॅकिंग एकाच दिवशी केलं होतं. आवाज किंचित कमी वाटला, आणि कशाने ते आजतागायत कळलेलं नाही.

वरची टिकटिक

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. 800 फेऱ्यांच्या स्लोवर एकेक टॅपेट मिनिटाला 400 वेळा वाजणार, तर दर फेरीला होणारा आवाज 800 वेळा. कानाने हा फरक पकडणं अवघड. टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या ठिणगीसरशी चमकणारा दिवा, पहिल्या प्लगच्या वायरीला लावा. तो दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. टिकटिक चमकेच्या तालावर असेल तर ती निम्म्या गतीची, म्हणजे व्हॉल्व्हकडची किंवा एखाद्या सिलिंडरच्या जाळाशी बांधलेली. एका चमकेत दोन ठोके पडले तर क्रँकला थेट जोडलेलं काहीतरी.

टॅपेट पकडायची सोपी युक्ती म्हणजे रॉकर कव्हर काढून, इंजिन स्लोवर ठेवून, फिलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांमधली) पातळ पट्टी एकेका रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये सरकवणं. ज्या ठिकाणी आवाज गप्प होतो तो गुन्हेगार. ऑइल उडतं, चांगला शर्ट घालू नका.

टॅपेट लावताना इंजिन हाताने फिरवायचं. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा पहिल्याचे लावायचे. दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे, पहिल्याचे हलताना चौथ्याचे. बेरीज पाच, एवढं लक्षात ठेवलं की झालं. अंतर किती, आणि ते थंड इंजिनावर की गरम, हे मॅन्युअलमधूनच घ्या, ऐकीव आकड्यावर नको. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू हमखास फिरतो. अंतर बरोबर असूनही टिकटिक राहिली तर रॉकरचं तोंड बघा. झिजून खड्डा पडला असेल तर सपाट गेज खड्ड्यावरून पूल बांधतो आणि माप खोटं येतं.

आवाज नको म्हणून अंतर कमी करणारे लोक आहेत. त्यांचं इंजिन गोड चालतं आणि काही महिन्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कारण तो पुरता टेकतच नाही आणि हेडला उष्णता देऊ शकत नाही. टॅपेट थोडा बोललेला चालतो.

टॅपेटचे दोन तोतये आहेत. एक मेकॅनिकल पेट्रोल पंप: त्याची दांडी कॅमशाफ्टवरच चालते, त्यामुळे ताल तोच. स्क्रू ड्रायव्हर पंपाच्या अंगावर ठेवला की कळतं. दुसरा मॅनिफोल्डचं पॅकिंग. ते थंड असताना जोरात टिकटिकतं आणि धातू तापून फुगला की गप्प होतं; चढावर परत बोलतं. जोडाशी काजळीची काळी रेघ दिसते. खात्री करायची तर मदतनिसाने जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद धरावं. गळती असेल तर टिकटिक एकदम वाढते.

पुढची खळखळ

टायमिंग चेन सैल झाली की स्लोवर आणि रेसवरून पाय काढताना पुढच्या कव्हरमधून साखळी हलवल्यासारखा आवाज येतो. बाहेरूनच तपासता येतं. डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला वीज वाटणाऱ्या डब्याची) टोपी काढा, क्रँक पुलीचा नट पान्यात धरून इंजिन नेहमीच्या दिशेला थोडं फिरवा, मग अगदी हळू उलट फिरवा आणि रोटरकडे बघा. पुली फिरतेय पण रोटर बराच वेळ जागचा हलत नाही, तर मधला ढिलेपणा चेनचा. थोडाफार खेळ डिस्ट्रिब्युटरच्या दात्यांचाही असतो, तो धरून चाला.

चढावरचे फुटाणे

सांगली तशी सपाट. फुटाणे ऐकायचे तर रेल्वेपुलाची चढण किंवा दंडोबाचा डोंगर. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात पाय दाबला की तडतड, पाय सैल केला की गायब: हे पिंकिंग. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप बघा, मग ठिणगीचं टायमिंग. टायमिंग पुढे गेलेलं असतं, नाहीतर डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंग सैल झालेल्या असतात. हेडमध्ये कार्बन साचला असेल किंवा इंजिन जास्त तापत असेल तरी होतं. दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

2023 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. ऊस आपलाच, तक्रार कुणाकडे करणार! इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, त्यामुळे फुटाण्यांचा आळ त्याच्यावर घालता येत नाही. पण त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडतं आणि कार्बोरेटरमधून शिंका येतात. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रामही त्याने लवकर खराब होतो. शिंका येत असतील तर आधी नळ्या बघा, मग जेट.

खालचा आवाज

इथपर्यंत काही सापडलं नाही तर मात्र गाडी फिरवणं थांबवा. मी गॅरेजमधून घरी चालवत आणली ती चूकच होती. खरंच कनेक्टिंग गेलं असतं तर त्या अंतरात रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकला असता.

परीक्षा एकेक प्लग बंद करण्याची. चालू इंजिनात प्लगची टोपी उपटायला जाऊ नका, शॉक जबरदस्त बसतो. इंजिन बंद करा, एका सिलिंडरच्या प्लगची टोपी काढून जादा प्लगला लावा, त्या प्लगचं अंग पेट्रोलच्या नळीपासून लांब, इंजिनाच्या धातूला तारेने पक्कं बांधा, आणि सुरू करा. अर्धा मिनिट पुरे, कारण न जळलेलं पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुतं. एका विशिष्ट सिलिंडरला बंद केल्यावर खटका निम्म्याहून कमी झाला तर त्याच सिलिंडरचं कनेक्टिंग किंवा पिस्टन. बंद केल्यावर उलट दुहेरी टक्-टक् ऐकू आली तर पिस्टन पिन. टॅपेटवर काही फरक पडत नाही. आमच्या गाडीत चारही वेळा आवाज सारखाच बदलला होता. चारही कनेक्टिंग एकदम कशी जातील, हा विचार मला तेव्हाच पडायला हवा होता.

थंड असताना डबडब आणि तापल्यावर कमी, तर पिस्टन बोअरमध्ये डुलतोय. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, प्लग न बसवताच इंजिन चार फेऱ्या फिरवा, मग प्लग लावून सुरू करा. काही वेळापुरता आवाज गेला तर निदान पक्कं. यावर घाई नाही, असं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. तापल्यावर वाढणारा, दोन-अडीच हजार फेऱ्यांवर रेस सोडतानाच्या क्षणी ठळक होणारा खटका कनेक्टिंगचा. आणि चढावर भार पडल्यावर येणारी, एक प्लग बंद करूनही फारशी न बदलणारी धप्प मेनची.

शेवटची खात्री ऑइलमध्ये. गरम ऑइल स्वच्छ पांढऱ्या पातेल्यात काढा, जुन्या सुती धोतराच्या तुकड्यातून गाळा आणि कापड उन्हात धरा. चंदेरी किंवा तांबूस चमचम बेअरिंगच्या धातूची. लोहचुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे. चमचम दिसली की चेंबर उतरवायचा आणि बेअरिंगच्या टोप्या काढायच्या. प्रत्येक टोपी आणि तिच्या दोन वाट्या (बेअरिंगचे अर्धे भाग), कुठल्या सिलिंडरच्या आणि कुठली बाजू पुढे, हे चिकटपट्टीवर लिहून वेगवेगळ्या डब्यात ठेवा; टोप्यांची अदलाबदल झाली तर रॉड बाद. क्रँक कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगला न्यायचा तर गाडी ओढत न्या. नवी बेअरिंगं आधी आणून ठेवू नका. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने मोजून, 10 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कापायचं की 20, हे ठरल्यावरच घ्या. आणि जुन्या वाट्यांचे ते डबे बरोबर न्या. झीज एकाच कडेला आहे की सगळीकडे, हे बघून ग्राइंडिंगवाला रॉड वाकलाय का ते तिथल्या तिथे सांगतो.